रक्तात उतरलं काय?

लॅबमधल्या ताईंना फोन करून रिपोर्ट विचारला, तर त्या "खाली ये" एवढंच म्हणत आणि फोन ठेवून देत. लॅब तळमजल्यावर मागच्या अंगाला होती आणि वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती पेशंटच्या खाटेसाठी राखलेली. वाशीमच्या त्या तीस खाटांच्या खासगी दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून नऊ वर्षं काढली, त्यातला बराचसा वेळ जिन्यावर गेला असावा.

खाली गेलं तरी रिपोर्ट लगेच मिळत नसे. त्या आपलं स्टूल रिकामं करून देत आणि सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवत. "आधी डोळा लाव. आकडा मंग सांगतो." वऱ्हाडातल्या पुष्कळ बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'जातो, पाह्यतो, सांगतो' असंच बोलत. मी साताऱ्याकडची. नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून वाशीमला आले होते. पहिल्या आठवड्यात मला त्यांचं निम्मं बोलणं कळत नव्हतं आणि उरलेलं निम्मं उद्धट वाटत होतं. दवाखान्यातल्या सगळ्या डॉक्टरांना त्या अरेतुरे करत. मोठे सर, म्हणजे दवाखान्याचे मालक आणि माझे वरिष्ठ, त्यांनाच काय ते 'तुमी'.

तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. उंच, काटक, केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेले. रक्ताच्या पेशी मोजणारं यंत्र एसीच्या खोलीत होतं. त्या खोलीत त्या फक्त नमुना लावायला जात आणि बाहेर येऊन खिडकीशी बसत. "थंडी मशिनीले लागते, मले नाई." यंत्र मिनिटभरात सगळे आकडे छापून देई, तरीही प्रत्येक गंभीर पेशंटच्या रक्ताचा एक थेंब त्या काचेवर पसरत, रंगवत आणि स्वतः बघत. सकाळी अकराला भाकर आणि ठेचा खात. त्याआधी हात कोपरापर्यंत इतका वेळ धूत की नव्या नर्सला वाटे, नळ चालू ठेवून विसरल्या.

'नॉर्मल' या शब्दाचा त्यांना राग होता. एखादा नवीन डॉक्टर "काउंट नॉर्मल आहे ना?" म्हणाला की त्या विचारत, "कोनाचं नॉर्मल?" आणि उत्तराची वाट बघत.

रक्त काढायला त्या शक्यतो स्वतः वर येत. खाटेशी उभ्या राहून आधी स्वतःचं गाव सांगत. "मी इंझोरीची. तुमी कोनत्या गावच्या?" पेशंट गाव, तिथले पाहुणे, वाटेतला फाटा सांगत असतानाच सुई आत गेलेली असे आणि बाहेरही आलेली असे. मग नळी मुठीत धरून त्या क्षणभर पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत. कुणी आभार मानले तर म्हणत, "म्या काई केलं नाई. सुई टोचली."

इंझोरीतलं त्यांचं घर बौद्ध वस्तीतलं. वडील दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात, आई पण. चार भावंडांत या दुसऱ्या. बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, काही वर्षं अकोल्याला काढली, मग वाशीमला आल्या त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. त्याचं कारण कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणत, बस चुकल्याचं सांगावं तसं. आठवडाभर वाशीमला भाड्याच्या खोलीत राहायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गावी भावाकडे जायच्या.

आता त्यांच्या खऱ्या वेडाबद्दल.

किडनीत इन्फेक्शन झालेले पेशंट आमच्याकडे नेहमीच असत. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीला जळजळ. बहुतेक जण इंजेक्शनांनी दोन-तीन दिवसांत सुधारतात आणि गोळ्या घेऊन घरी जातात. काहींचे जंतू मात्र किडनीत थांबत नाहीत, रक्तात उतरतात. मग रक्तदाब कोसळतो, लघवी बंद होते, आणि दुपारी बोलत असलेला माणूस संध्याकाळी बोलत नाही. जंतू रक्तात उतरलेत का हे नक्की सांगणारी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. रक्त एका खास बाटलीत घालायचं आणि त्यात जंतू वाढतात का याची वाट बघायची. आमच्याकडे ती सोय नव्हती. बाटल्या अकोल्याच्या लॅबला जात आणि निकाल यायला दोन ते तीन दिवस लागत. तेवढ्या वेळात ज्याचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असे.

ताईंना ते आज कळायला हवं होतं. कुठलाही ताप-कुशीदुखीचा पेशंट आला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "रक्तात उतरलं काय?" हा प्रश्न त्या कुणाला विचारत हे कळत नसे. मग साध्या तपासण्यांचे आकडे घेऊन बसत. पांढऱ्या पेशी किती, त्यात कच्च्या किती, प्लेटलेट किती, सूज दाखवणारं सीआरपी किती. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी फाडून तिच्यावर खाट क्रमांक लिहीत आणि पुढे 'येईल' किंवा 'येणार नाही'. येईल म्हणजे बाटलीत जंतू येतील. खाली दोन-चार शब्दांत कारण. चिठ्ठी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाई. अकोल्याचा निकाल आला की त्याची नक्कल चिठ्ठीला टाचत आणि लाल पेनानं बरोबर किंवा चूक अशी खूण करत. डबा भरला की दुसरा घेत. मी रुजू झाले तेव्हा तिसरा डबा चालू होता.

यातून त्यांना काही मिळत नव्हतं. चिठ्ठी त्या कुणाला दाखवतही नसत. पहिलं वर्षभर मला हा प्रकार म्हणजे कोडी सोडवणाऱ्या माणसाचा नाद वाटत होता.

एका शनिवारी सकाळी एक म्हातारी दाखल झाली. वाशीमच्या कडेलाच त्यांचं मळ्यातलं घर, मेथी-पालक-कोथिंबीर करून बाजारात विकणारं. म्हातारीला साखरेचा आजार, दोन दिवसांपासून ताप आणि उजव्या कुशीत कळा. सोबत सून होती. ताईंनी इंजेक्शनच्या आधीच कल्चरची बाटली भरून घेतली. हे त्यांनी नर्सना पढवून ठेवलं होतं. "औषध आधी गेलं तं बाटली मुकी राह्यते."

दुपारपर्यंत म्हातारीचा ताप उतरला. तिनं वरण-भात खाल्ला. पांढऱ्या पेशी थोड्याच वाढलेल्या होत्या. ती उठून बसली आणि घरी सोडा म्हणू लागली.

"मले काई नाई झालं बाई," ती मला म्हणाली. "मेथी उभी हाये वावरात. उद्या बजार हाये. ही एकटी काय काय करीन?"

सून म्हणाली, "मी करतो ना, आई." पण तिच्याही तोंडावर घरी जायची घाई दिसत होती.

खाटांची टंचाई होती, म्हातारी हसत होती. मी गोळ्या लिहून दिल्या आणि सुट्टीचा कागद भरायला घेतला. तेवढ्यात ताई वर आल्या. त्यांच्या हातात रिपोर्ट होता.

"हिले घरी धाडून राह्यली काय?"

"ताप नाही, जेवण झालं, काउंट बारा हजार. गोळ्यांवर जाईल."

"हिचा जुना कागद पाह्यला काय?"

"कसला जुना कागद?"

त्यांनी सुनेकडे वळून विचारलं, "याच्या आधी रक्त कवा तपासलं होतं आईचं?"

सून आठवत म्हणाली, "मोतीबिंदूच्या आपरेशनच्या येळी. कागद घरी असन. राशनकार्डाच्या पन्नीत."

"जाय, घेऊन ये. गाडी हाये ना?"

सून स्कूटीवर गेली. मी वैतागले होते. सुट्टीचा कागद अर्धा भरलेला, आणि ताई खाटेच्या कडेला बसून म्हातारीला मेथीची जुडी कशी बांधतात ते विचारत होत्या. पाऊण तासानं सून ती प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. ताईंनी आतून चार घड्या पडलेला कागद काढला आणि आजच्या रिपोर्टशेजारी चादरीवर ठेवला.

"हे पाह्य. तवा प्लेटलेट तीन लाख चाळीस हजार. आज एक लाख साठ हजार."

एक लाख साठ हजार हा आकडा छापील मर्यादेच्या आत बसतो. त्यामुळे यंत्रानं त्याच्यापुढे चांदणी छापली नव्हती. रिपोर्टवर ज्या आकड्यापुढे चांदणी नसते तो आम्ही डॉक्टर वाचत नाही, हे मी इथे कबूल करते.

"अर्ध्या कुठं गेल्या?" ताईंनी विचारलं. "आता खाली ये."

मी खाली गेले. काचेवर कच्च्या पांढऱ्या पेशी होत्या. थोड्या नव्हत्या, नजर जाईल तिथे होत्या. यंत्रानं एकूण संख्या दिली होती, त्यातल्या कच्च्या वेगळ्या काढल्या नव्हत्या.

"अंगानं पिकन्याची वाट नाई पाह्यली," ताई मागून म्हणाल्या. "कच्च्याच लढाले धाडल्या. इतकी घाई काहून झाली असन?"

"तुम्ही चिठ्ठीवर काय लिहिलंत?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"येईल."

मी वर जाऊन सुट्टीचा कागद फाडला. म्हातारी नाराज झाली. सुनेनं मेथी काढायला नणंदेला फोन केला. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला म्हातारीच्या हातातून पाण्याचा पेला गळून पडला. रक्तदाब वरचा सत्तर लागला. ती वॉर्डातच होती, हाताला सलाईन होतं, त्यामुळे दहा मिनिटांत आयसीयूत गेली. घरी असती तर त्या वेळी सून बाजारात बसलेली असती. चार दिवस मोठे सर आणि मी तिच्याभोवती होतो. सोमवारी दुपारी अकोल्याहून फोन आला की बाटलीत जंतू वाढलेत. बाराव्या दिवशी ती चालत घरी गेली.

त्यानंतर दवाखान्यात ही गोष्ट पसरली ती वेगळ्याच रूपात. ताईंनी म्हातारीचा नुसता चेहरा पाहून ओळखलं म्हणे. नर्सनी सांगितलं, वॉर्डबॉयनी सांगितलं, पेशंटच्या नातेवाइकांनी गावोगाव नेलं. ताईंनी ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही. मीही केली नाही. हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं.

एवढं वेड कशामुळे लागलं असेल, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होते. कुणीतरी घरचं गेलं असणार, आई किंवा एखादी बहीण, असं मनाशी धरून चालले होते. एकदा दुपारी चहा घेताना विचारलंच.

"नाई बाप्पा," त्या म्हणाल्या. "आई म्हातारपनानं गेली. बहीन हाये, मंगरूळले राह्यते. कायले मराले पाह्यजे कोनी? मले हे पाह्याले आवडते."

वाशीमजवळच्या शिरपूरची गोष्ट याच्या दोन वर्षांनंतरची. जैन मंदिरात येणाऱ्या यात्रेकरूंची ने-आण करणारा एक जीपवाला तापानं आला. थंडी, कंबरदुखी, लघवीत पू. प्लेटलेट खाली, दुसऱ्या दिवशी आणखी खाली. ताईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"याले इथं ठेवू नको. मोठ्या दवाखान्यात धाड. मले याचं तोंड बरोबर नाई वाटून राह्यलं."

आमच्या आयसीयूत खाट नव्हती. म्हातारीच्या वेळेपासून मी त्यांच्या शब्दावर चालत होते. मी पत्र लिहिलं, सही केली, अँब्युलन्स बोलावली. माणूस अकोल्याला गेला. तिथे त्याला डेंग्यू निघाला. प्लेटलेट त्यानं उतरल्या होत्या, लघवीचं इन्फेक्शन किरकोळ होतं. डेंग्यूची तपासणी आमच्याकडे वीस मिनिटांत झाली असती. ती ना मला सुचली, ना ताईंना. पाच दिवसांनी तो बरा होऊन घरी आला. कल्चरच्या बाटलीत काही आलं नाही.

ताईंनी चिठ्ठीवर लाल खूण केली आणि मला म्हणाल्या, "आइतवारी शिरपूरले जाचं हाये. तू बी चाल."

"कशाला?"

"त्यायले सांगाले, का आमचं चुकलं."

"ताई, तो बरा झालाय. पाठवणं काही गुन्हा नव्हता. कुणी तक्रार केलेली नाही."

"तक्रार नाई केली, कारन त्यायले मालूम नाई. सही तुयी होती. चाल."

आम्ही एसटीनं गेलो. जीपवाल्याचं घर मंदिरापासून आत, दोन गल्ल्या सोडून होतं. तो ओसरीवर बसला होता. आम्हाला पाहून उठला, सतरंजी टाकली. बायको आतून आली. ताईंनी बसायच्या आधीच सांगितलं. "तुमाले अकोल्याले न्याची गरज नोती. मले वाटलं इन्फेक्शन रक्तात गेलं. नोतं गेलं. डेंग्यू होता, तो वाशीमलेच समजला असता. हे सांगाले आलो."

जीपवाला हसला. "अवं बाई, मी तं जिता हाये. त्यात काय मोठं?"

पण बायको हसली नाही. ती दारात उभी राहिली. "तुमी म्हटलं म्हनून यायले अकोल्याले नेलं?"

"हो," ताई म्हणाल्या.

"त्याच हप्त्यात पोरीचं साक्षगंध होतं. तारीख धरलेली होती, पाव्हने आलेले होते. बापाबिगर केलं आमी. पोरगी फोटोत रडेल हाये."

साखरपुडा बापाविना झाला होता. मला वाटलं आपण काहीतरी बोलावं, डॉक्टर म्हणून, सावधगिरी कशी आवश्यक असते वगैरे. तोंड उघडलंही. ताईंनी माझ्याकडे न बघता हात थोडा वर केला.

"तुमच्या पोरीचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

बाईनं नाव सांगितलं.

"तिले बी सांगा. बापाले बिनकामी नेलं होतं, अन् ते माया सांगन्यावरून नेलं होतं."

मग आम्ही उठलो. चहा विचारला गेला नाही. बसस्टँडवर उभं असताना मी म्हटलं, "फार कडू बोलल्या त्या."

"खरं बोलली," ताई म्हणाल्या. "तिनं चहा केला असता तं मले प्यावा लागला असता."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसून झोपी गेल्या. मला झोप आली नाही. कुणी न विचारता स्वतःची चूक सांगायला मी आयुष्यात पहिल्यांदा कुठे गेले होते, आणि तेही ओढून नेलं म्हणून.

करोनानंतर मोठे सर थकले आणि त्यांचा मुलगा कारभार बघू लागला. त्याला सगळे छोटे सर म्हणत. तो नीट शिकलेला, शिस्तीचा माणूस. त्यानं लॅबमध्ये प्रोकॅल्सिटोनिन मोजायचं यंत्र आणलं. जंतू रक्तात पसरू लागले की रक्तात हे द्रव्य झपाट्यानं वाढतं, आणि आकडा तासाभरात कळतो. ताईंना ते यंत्र फार आवडलं. त्याची माहितीपुस्तिका त्यांनी वाचून वाचून मऊ केली. पण छोट्या सरांना ताईंचं वॉर्डात फिरणं पसंत नव्हतं. रक्त नर्सनी काढावं, टेक्निशियननं लॅबमध्ये बसावं, आणि पेशंटला कुठे हलवायचं हे तिनं सांगू नये.

"मशीन सांगतं ते पुरे आहे," ते मला म्हणाले. "चेहरा बघून निदान करायचे दिवस गेले."

मी ताईंच्या बाजूनं भांडले. म्हटलं, त्यांना जे दिसतं ते मशीनला दिसत नाही. म्हातारीची गोष्ट सांगितली. छोटे सर म्हणाले, एका गोष्टीनं काय होतं? मी म्हटलं, गोष्टी डबे भरून आहेत, मी मांडून दाखवते.

ताईंनी डबे मागितल्याबरोबर दिले. कशाला हवेत हे विचारलंसुद्धा नाही. मी त्या चिठ्ठ्या घरी नेल्या आणि दीड महिना फुरसतीच्या वेळी त्या मांडत बसले. कुठल्या चिठ्ठीत आकड्यांवरूनच निकाल काढता आला असता, आणि कुठल्या चिठ्ठीत त्यांनी आकड्यांपलीकडे जाऊन सांगितलं, असे दोन ढीग केले. दुसऱ्या ढिगातल्या चिठ्ठ्यांवर कारणाच्या जागी एकच शब्द असे, 'चेहरा'. हाच ढीग मला छोट्या सरांपुढे ठेवायचा होता.

पहिल्या ढिगात त्या बहुतेक वेळा बरोबर होत्या. दुसऱ्या ढिगात लाल खुणा जितक्या बरोबरच्या होत्या, जवळपास तितक्याच चुकीच्या. मी पुन्हा मोजलं. मग नवऱ्याकडून मोजून घेतलं. फरक पडला नाही. ताईंना जे खरोखर कळत होतं ते सगळं कागदावर होतं. पडत्या प्लेटलेट, कच्च्या पेशी, आणि आता हा नवा आकडा. हे तिन्ही नीट वाचणाऱ्या कुणालाही तेवढंच कळलं असतं. चेहऱ्यानं त्यात काही भर घातली नव्हती.

मी चार दिवस गप्प बसले. छोट्या सरांना 'चिठ्ठ्या अपुऱ्या आहेत' असं सांगून विषय मिटवता आला असता, आणि ताईंना काहीच सांगावं लागलं नसतं. तसं करणार होतेही. पण शिरपूरच्या ओसरीवर मी त्यांच्या शेजारी बसलेली होते.

पाचव्या दिवशी खाली गेले. त्या काचा पुसत होत्या.

"ताई, जरा बसा."

"कोन मेलं?"

"कुणी नाही. चिठ्ठ्यांचं सांगायचंय."

मी सगळं सांगितलं, दोन ढिगांसकट. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. हातातली काच मात्र पुसून झाली तरी पुसत राहिल्या.

"म्हंजे जे मी कागद पाह्यून सांगो, ते बरोबर."

"हो. पुष्कळ बरोबर."

"अन् जे तोंड पाह्यून सांगो, ते?"

"छापा-काट्यासारखं."

"त्या म्हातारीचं कोनत्या ढिगात टाकलं?"

"पहिल्या."

"बरोबर हाये," त्या म्हणाल्या. "तिच्या तोंडावर मले काईच दिसलं नोतं. ती तं हासून राह्यली होती." मग काच खाली ठेवून, "इतके वर्सं लोकं म्हनत, का मले दिसते. मले बी वाटे."

त्या दिवशी त्या चार वाजताच निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी सलग दोन दिवस रजा घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी फोन केला, तो भावानं उचलला. म्हणाला, बरी आहे, झोपून असते. मी आपलं चुकलं की बरोबर केलं, हे ठरवू शकत नव्हते. छोट्या सरांना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्या आल्या. लॅबमध्ये न जाता सरळ जिना चढून छोट्या सरांच्या खोलीत गेल्या. मी तिथेच होते. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"तुमचं म्हननं खरं निंघालं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं मोजलं हाये. आकडे पुरे हायेत. फक्त जुना कागद मागवत जा, अन् चांदनी नसन त्या आकड्यावरूनबी नजर फिरवत जा. नर्सबाईले मी शिकवून देतो. मंग मी असो का नसो, पेशंटचं काई अडनार नाई."

छोटे सर उभे राहिले. "ताई, तुम्ही वर येत जा. माझं काही म्हणणं नाही."

"वर कामाले नाई येनार," ताई म्हणाल्या आणि खाली गेल्या.

महिनाभरात त्यांनी तिन्ही मजल्यांवरच्या नर्सना रिपोर्ट वाचायला शिकवलं. रागावून, खाली बोलावून, डोळा लावायला लावून. पुढच्या पावसाळ्यात एका नवख्या नर्सनं एका बाळंतिणीच्या प्लेटलेट पडल्याचं स्वतः हेरलं आणि मला उठवून बोलावलं. बाई वाचली. ताईंना ते मागाहून कळलं. त्यांनी त्या नर्सला फक्त "जेवली काय?" एवढं विचारलं.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्या काळात काम संपलं की त्या पाचच्या सुमाराला तिसऱ्या मजल्यावर येत. हातात सुई नाही, नळी नाही. एखाद्या खाटेशी स्टूल ओढून बसत आणि गप्पा मारत. कुणाच्या शेतात काय पेरलंय, कुणाची सून बाळंत झाली, मंगरूळच्या बहिणीनं कुठलं लोणचं घातलं. आधी इतकी वर्षं त्या वॉर्डात येत होत्या, पण बसलेल्या अशा मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

एकदा राउंड संपवून मी त्यांच्याजवळ थांबले. एका सत्तरीच्या बाईला त्या संत्रं सोलून देत होत्या.

"आता तर चेहरा बघायला येत नाही ना?" मी चेष्टेनं विचारलं.

त्यांनी संत्र्याची साल बाजूला ठेवली. त्या बाईच्या हातावर एक फोड ठेवली, ती खाते की नाही ते पाहिलं.

"आधी मी या लोकायच्या तोंडात काईतरी हुडकत राहो," त्या म्हणाल्या. "यायचं बोलनं मले आयकूच नाई ये. आता काई हुडकाचं नसते. म्हनून बसता येते."

आणि मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "हां, मंग? जावई आला, अन् काय म्हने?"